गादी तीच, माणूस नवा : जेम्स बाँड बदलतो तेव्हा नेमकं काय बदलतं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये एक बातमी आली आणि जगभरातले जेम्स बाँडचे चाहते अस्वस्थ झाले. १९६२ पासून ज्या ब्रॉकली घराण्याने हे सिनेमे काढले, त्या घराण्याने सिनेमात काय असावं आणि काय नसावं हे ठरवायचा अधिकार अॅमेझॉन एमजीएम या स्टुडिओकडे सोपवला. मालकीत घराण्याचा वाटा राहिला, पण शेवटचा शब्द आता स्टुडिओचा. मार्चमध्ये एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन हे नवे निर्माते आले, जूनमध्ये दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्ह यांचं नाव जाहीर झालं, जुलैच्या शेवटी लेखक म्हणून स्टीव्हन नाइट यांचं. ही नावं आली तेव्हा बाँड कोण हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं, आणि ब्रिटनमध्ये त्यावर पैजा लागल्या होत्या.

माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचा प्रश्न याच्याही आधीचा आहे. २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये बाँड डोळ्यांदेखत मेला. मग आता नवा येतो म्हणजे कोण येतो? त्याचा भाऊ? मुलगा? की मेलेलाच परत? आणि नट सहा वेळा बदलूनही आपण त्याला एकच माणूस कसे मानत आलो?

या प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत, फक्त ती क्रमाने पाहावी लागतात.

नाटकातली रिप्लेसमेंट आणि बाँड यांत फरक काय?

इयन फ्लेमिंग या इंग्रज लेखकाने १९५३ साली पहिल्या कादंबरीत हा हेर उभा केला. नाव घेतलं एका पक्षितज्ज्ञाचं. वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या अभ्यासकाचं नाव खरोखरच जेम्स बाँड होतं, आणि फ्लेमिंगला ते साधं, कोरडं नाव आवडलं. १९६२ साली अल्बर्ट ब्रॉकली आणि हॅरी सॉल्ट्झमन या दोघांनी पहिला सिनेमा काढला. तेव्हापासून २०२१ पर्यंत त्यांच्या कंपनीचे पंचवीस सिनेमे झाले. शॉन कॉनरीने सहा केले (आधी सलग पाच, आणि लेझनबीनंतर परत येऊन एक), जॉर्ज लेझनबीने एकच, रॉजर मूरने सात, टिमथी डाल्टनने दोन, पिअर्स ब्रॉस्ननने चार आणि डॅनियल क्रेगने पाच.

आपल्याला भूमिकेतला नट बदलणं नवं नाही. आप्पासाहेब बेलवलकर १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले. पुढे दत्ता भटांनी केले, सतीश दुभाषींनी केले, आणि प्रेक्षक प्रत्येक वेळी रडला. पण नाटकात तोच खेळ पुन्हा होतो. नवा नट पहिल्या अंकापासून सुरुवात करतो, त्यामुळे त्याला मागचं काही सांभाळावं लागत नाही. बाँडमध्ये गोष्ट पुढे सरकते. मागच्या सिनेमात कॉनरीने मारलेला शत्रू या सिनेमात लेझनबीला आठवायला हवा. चेहरा नवा आणि आठवणी जुन्या, अशी ती जोडणी आहे, आणि नव्या नटाच्या पहिल्या सिनेमाचं खरं काम तेच असतं. चांगली गोष्ट सांगणं हे त्याच्यानंतर येतं.

म्हणून मी याला ‘गादी’ म्हणतो. मठाचा महंत बदलतो, पेढीवरचा शेठ बदलतो, गादी चालू राहते. गादीवर नवा माणूस बसला की लोक आधी एकच गोष्ट पाहतात : याने मागचं किती ठेवलं?

१९६९ : खणातल्या वस्तू

पहिल्यांदा ही वेळ आली ती लेझनबीच्या बाबतीत. कॉनरीने पाच सिनेमे करून राम राम ठोकला होता. लेझनबी ऑस्ट्रेलियाचा, मॉडेलिंग करणारा, चॉकलेटच्या जाहिरातीतला चेहरा. सिनेमात कामाचा अनुभव नाही. त्याने कॉनरीच्या न्हाव्याकडे जाऊन तसेच केस कापून घेतले, कॉनरीसाठी शिवलेला पण त्याने न नेलेला सूट मिळवला आणि निर्मात्यांसमोर उभा राहिला. गादीवर बसायला निघालेल्या माणसाने आधीच्या महंताची वस्त्रं घातली, इतकं ते सरळ होतं.

‘ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस’ या सिनेमाने मग काय केलं पाहा. सुरुवातीला गाडी चालवणाऱ्या माणसाचा चेहरा दाखवलाच नाही. समुद्रकिनारी एका मुलीचा जीव वाचवल्यावर तो दिसतो. ती मुलगी गाडी घेऊन निघून जाते, आणि तो म्हणतो, की असं त्या दुसऱ्याच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. प्रेक्षकाच्या मनातलं वाक्य नटाने स्वतःच बोलून टाकलं. पुढे एका दृश्यात बाँड नोकरी सोडायच्या तयारीने टेबलाचे खण रिकामे करतो. त्यातून जुन्या सिनेमांतला पट्ट्याचा सुरा निघतो, तार लपवलेलं घड्याळ निघतं, पाण्याखाली श्वास घ्यायची नळी निघते, आणि मागे त्या त्या सिनेमाचं संगीत वाजतं. घर बदलताना आईची पेटी उघडावी तसं ते दृश्य आहे. या वस्तू याच्याच आहेत, म्हणजे हा तोच आहे.

एवढं करूनही एक भोक राहिलं. आधीच्या सिनेमात बाँड आणि खलनायक ब्लोफेल्ड समोरासमोर आले होते. या सिनेमात ब्लोफेल्ड त्याला ओळखतच नाही. ब्लोफेल्डचाही नट बदलला होता.

सिनेमाने मागच्यापेक्षा कमी धंदा केला, आणि लेझनबीने तो प्रदर्शित व्हायच्या आधीच ‘पुन्हा करणार नाही’ असं सांगून टाकलं. तरी माझ्या मते बाँडच्या सगळ्या सिनेमांत हा सर्वांत हळवा. शेवटी बाँड लग्न करतो आणि काही तासांत बायको ट्रेसी गोळी लागून मरते. हे दुःख पुढच्या नटांनी वारसाहक्काने घेतलं. १९८१ च्या सिनेमाची सुरुवात रॉजर मूर ट्रेसीच्या थडग्यावर फुलं ठेवतो तिथून होते. मूर त्या सिनेमात राहील की नाही याची तेव्हा खात्री नव्हती, आणि नवा नट आलाच तर त्याला जुन्याशी बांधायला हे दृश्य उपयोगी पडणार होतं.

दुकानातला जुना नोकर

मूर, डाल्टन आणि ब्रॉस्नन यांच्या वेळी दुसरीच युक्ती वापरली. किराणा दुकानात वडिलांच्या जागी मुलगा बसला तरी गिऱ्हाईक तुटत नाही, कारण आतला जुना नोकर तोच असतो. त्याला तुमची डाळ ठाऊक असते. बाँडच्या दुकानातला असा नोकर म्हणजे ‘क्यू’, हत्यारं आणि यंत्रं बनवून देणारा म्हातारा. डेझमंड लुएलिन या नटाने ही भूमिका १९६३ ते १९९९ अशी सतरा सिनेमांत केली आणि पाच बाँडना सामान दिलं. तो ज्याच्यावर वैतागतो तो बाँड, हे प्रेक्षकाने मान्य केलं होतं. ऑफिसातली मनीपेनी आणि वरिष्ठ ‘एम’ यांनीही बरीच वर्षं हेच केलं.

गंमत अशी, की १९७३ साली मूर पहिल्यांदा आला तेव्हा लुएलिनला त्या सिनेमात ठेवलंच नव्हतं. मूरने कॉनरीची आठवण करून देणाऱ्या गोष्टीही टाळल्या. सिगारेटऐवजी सिगार, नेहमीच्या मार्टिनी या कॉकटेलऐवजी बर्बन व्हिस्की. तो हसरा, मिश्कील आणि हलका झाला, आणि लोकांनी त्याला स्वीकारलं. लेझनबीने कॉनरीसारखं दिसायचा प्रयत्न केला आणि तुलना ओढवून घेतली. मूरने तुलनेला जागाच ठेवली नाही.

१९९५ ला अडचण वेगळी होती. कोर्टकज्ज्यांमुळे सहा वर्षं सिनेमा आला नव्हता, मधे सोव्हिएत संघ संपला होता, आणि हेराने आता कोणाशी लढायचं असा प्रश्न होता. ‘गोल्डनआय’मध्ये नवी एम म्हणून आलेली ज्युडी डेंच ब्रॉस्ननच्या बाँडला तोंडावर सांगते, की तू बायकांना तुच्छ लेखणारा डायनोसोर आहेस, शीतयुद्धाचा उरलेला अवशेष आहेस. जग बदलल्याची कबुली सिनेमाने दिली आणि मगच आपला माणूस पुढे केला.

नट निवडतात तरी कसा?

वर्षानुवर्षं यासाठी एक ठरलेली परीक्षा होती. १९६३ च्या सिनेमात बाँड हॉटेलच्या खोलीत येतो आणि पलंगावर एक अनोळखी स्त्री असते, ते दृश्य. त्यात सावधपणा आहे, आकर्षण आहे, विनोद आहे, त्यामुळे उमेदवाराचं पाणी लगेच कळतं. १९८३ च्या ज्या सिनेमाचं चित्रीकरण उदयपूरला झालं, ज्यात कबीर बेदी आणि विजय अमृतराज होते, त्याच्यासाठी जेम्स ब्रोलिन या अमेरिकन नटाची चाचणी झाली होती. मूर परत आला आणि ते राहिलं.

पण अभिनयाइतकंच महत्त्वाचं असतं वय आणि करार. क्रेगचे पाच सिनेमे व्हायला पंधरा वर्षं लागली. मूर शेवटच्या सिनेमाच्या वेळी ५७ वर्षांचा होता आणि ते दिसत होतं. म्हणजे पहिल्या सिनेमात माणूस तिशीत असेल तरच हिशेब जमतो. चाळिशी ओलांडलेल्या लाडक्या नटांची नावं दरवेळी चर्चेत येतात आणि गळतात, त्याचं कारण बहुतेकदा एवढंच असतं.

करारात ‘ऑप्शन’ नावाचं कलम असतं. ऑप्शन म्हणजे ‘आम्ही हवं तर तुला पुढेही घेऊ, तोवर तू दुसरीकडे बांधील व्हायचं नाही’ असा राखून ठेवलेला हक्क. जागेचं टोकन दिलं की मालक ती दुसऱ्याला विकू शकत नाही, तसंच. १९८६ साली ब्रॉस्ननची बाँड म्हणून निवड झाली होती. त्याची टीव्ही मालिका बंद पडली होती, पण वाहिनीकडे साठ दिवसांचा ऑप्शन होता. बाँडच्या बातम्यांनी मालिकेत लोकांचा रस वाढला, आणि मुदत संपता संपता वाहिनीने मालिका पुन्हा सुरू करायचं ठरवलं. टीव्हीवर दिसणारा चेहरा ब्रॉकलींना नको होता. भूमिका डाल्टनकडे गेली आणि ब्रॉस्नन नऊ वर्षं थांबला.

मग २००६ साली सगळं पहिल्यापासून का सुरू केलं?

इथे सिनेमाच्या हक्कांचा सातबारा उघडावा लागतो. फ्लेमिंगची पहिली कादंबरी ‘कॅसिनो रॉयाल’, पण ती ब्रॉकलींकडे नव्हती. १९५५ मध्येच तिचे सिनेमाचे हक्क वेगळ्या माणसाला विकले गेले होते. पुढे त्यावर १९६७ साली एक विडंबनपट निघाला. नंतर हक्क सोनीकडे आले. १९९९ साली सोनी आणि एमजीएम, म्हणजे ब्रॉकलींच्या बाँडपटांमागचा स्टुडिओ, यांच्यात तडजोड झाली. एमजीएमने स्पायडरमॅनवरचा आपला दावा सोडला आणि बदल्यात ‘कॅसिनो रॉयाल’ मिळवली. शेताचा एक तुकडा देऊन घरामागचा तुकडा घ्यावा तसा तो व्यवहार. म्हणून बाँडची पहिली गोष्ट एकविसावा सिनेमा म्हणून आली.

पहिली गोष्ट हाती आल्यावर निर्मात्यांनी ‘रीबूट’ केला. अडकलेला मोबाइल आपण बंद करून पुन्हा सुरू करतो, तसं मागचं सगळं पुसून कथा पुन्हा सुरू करणं म्हणजे रीबूट. ट्रेसी नाही, ब्लोफेल्ड नाही, खणातल्या वस्तू नाहीत.

दिग्दर्शक होते मार्टिन कॅम्पबेल, ज्यांनी १९९५ ला ब्रॉस्ननलाही पदार्पण करवलं होतं. ऑक्टोबर २००५ मध्ये क्रेगचं नाव जाहीर झालं, थेम्स नदीवर नौसैनिकांच्या बोटीतून तो आला, अंगात लाइफ जॅकेट. लोक तुटून पडले. केस सोनेरी, उंची कमी, चेहरा गुंडासारखा. सिनेमावर बहिष्कार घालायला वेबसाइट निघाली.

सिनेमा या सगळ्याला उत्तर देतो, पण शब्दांनी नाही. सुरुवात कृष्णधवल प्रागमध्ये होते. ‘डबल-ओ’ दर्जा, म्हणजे मारण्याचा परवाना, मिळवायला दोन माणसं मारावी लागतात. पहिला खून स्नानगृहात, धापा टाकत, ओबडधोबड. दुसरा शांत, एका गोळीत. मग मादागास्करमधला पाठलाग. पुढचा माणूस माकडासारखा चपळ, भिंतीवरच्या अरुंद फटीतून अलगद निसटतो. मागून येणारा बाँड सरळ भिंत फोडून बाहेर पडतो. हा बाँड कोण आहे हे एवढ्यात कळतं. पुढे बारमन विचारतो, मार्टिनी हलवून हवी की ढवळून, आणि तो उखडून म्हणतो की मला त्याचं काही पडलंय असं वाटतं का! उत्तम शिवलेला कोट त्याला व्हेस्पर, म्हणजे या सिनेमातली त्याची प्रेयसी, देते, आणि तो आरशासमोर स्वतःकडे पाहत राहतो. जी जी खूण आपण बाँडची म्हणून ओळखतो, ती इथे आयती मिळत नाही, कमवावी लागते, आणि बऱ्याचदा जखम होऊन.

आणि ती प्रसिद्ध धून? सिनेमाभर ती पूर्ण वाजत नाही. शेवटच्या दृश्यात, व्हेस्पर गेल्यानंतर, पायात गोळी लागलेला एक माणूस जमिनीवर पडलेला असतो, बाँड बंदूक घेऊन समोर येतो आणि पहिल्यांदा आपलं नाव त्या ठरलेल्या पद्धतीने सांगतो. मग धून. नाटक संपताना नांदी म्हणावी, आणि तीच बरोबर वाटावी, तसं. अजूनही तो क्षण आला की अंगावर काटा येतो. मागच्या सिनेमाची जगभरची कमाई सुमारे ४३ कोटी डॉलर होती, याची सुमारे ६० कोटी झाली.

पण एम तर तीच होती!

ही शंका रास्त आहे. रीबूट असेल तर ज्युडी डेंच दोन्ही काळांत कशी? कथेच्या हिशेबाने याला उत्तर नाही. ती तोच नट, पण वेगळ्या जगातली वेगळी एम, असं मानावं लागतं. निर्मात्यांनी तर्कापेक्षा प्रेक्षकाची सोय पाहिली. नवा, वादग्रस्त चेहरा आणताना दुकानात एक तरी जुना नोकर हवा होता, आणि मला तो निर्णय पटतो.

‘जेम्स बाँड’ हे पदाचं नाव आहे का?

बऱ्याच जणांना असं वाटतं, की बाँड हे सांकेतिक नाव आहे आणि प्रत्येक नट म्हणजे ते नाव घेतलेला नवा हेर. कल्पना सुटसुटीत आहे, पण सिनेमेच तिला खोडतात. पदाचं नाव असतं तर मूर दुसऱ्याच्या बायकोच्या थडग्यावर का गेला असता? २०१२ च्या सिनेमात स्कॉटलंडमध्ये बाँडच्या आईवडिलांचं थडगं दिसतं आणि त्यावर आडनाव बाँडच आहे. पद आहे ते ००७ हा आकडा. २०२१ च्या सिनेमात बाँड निवृत्त असतो आणि तो आकडा नोमी या स्त्री हेराला मिळालेला असतो. आकडा दुसऱ्याला जातो, नाव जात नाही.

पुस्तकं तर आता मोकळी झाली ना?

भारतात हो, बऱ्याच अंशी. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. फ्लेमिंग ऑगस्ट १९६४ मध्ये गेला, म्हणजे त्याच्या हयातीत आलेल्या कादंबऱ्या १ जानेवारी २०२५ पासून भारतात मोकळ्या झाल्या. मरणोत्तर छापलेल्या पुस्तकांची मोजणी त्यांच्या प्रकाशनाच्या वर्षापासून होते. ब्रिटनमध्ये मुदत ७० वर्षांची, म्हणून तिथे २०३४ अखेरपर्यंत थांबावं लागेल. या हिशेबाने मूळ कादंबरीचं मराठी भाषांतर इथे छापता येईल, लंडनला विकता येणार नाही. आणि सिनेमांनी घातलेली भर, म्हणजे ती धून, बंदुकीच्या नळीतून दिसणारं ते वर्तुळ, हे सगळं अजून मालकांचं आहे. नावाचे ट्रेडमार्कही आहेत. अॅमेझॉनच्या हाती आलं आहे ते हे.

मेलेला माणूस परत कसा येणार?

क्रेगचे पाच सिनेमे ही एक पूर्ण गोष्ट आहे, पहिल्या खुनापासून मरणापर्यंत. तो बाँड मेला तो मेलाच. पण २०२१ च्या सिनेमाच्या अगदी शेवटी, नेहमीप्रमाणे, जेम्स बाँड परत येईल अशी पाटी येते. नवा येईल तो वेगळ्या जगातला, त्या मरणाशी संबंध नसलेला.

म्हणून लेझनबीचा मार्ग आता बंद आहे, दाखवायला खणात काही नाही. क्रेगचा मार्ग, म्हणजे बाँड घडतो कसा हे सांगणं, मोकळा आहे, पण ती जखम आपण इतक्यातच पाहिली आहे. तीच पुन्हा पाहायला लावली तर नव्या नटावर अन्याय होईल असं मला मनापासून वाटतं.

तिसरा मार्ग सर्वांत जुना आहे. आपण लहानपणी वडिलांबरोबर बाँडचे सिनेमे पाहिले, अगदी कॉनरीच्या पहिल्या सिनेमापासून, असं व्हिलनव्ह यांनी सांगितलं आहे. त्या सिनेमात बाँड कुठून आला, कसा घडला, काहीच सांगत नाहीत. लंडनच्या एका क्लबात पत्त्यांचा डाव चाललेला असतो. आपल्याला फक्त त्याचे हात दिसतात. समोर लाल पोशाखातली एक स्त्री हरत असते. तो तिचं नाव विचारतो. ती आधी आडनाव सांगते, मग पूर्ण नाव, आणि त्याला त्याचं विचारते. तो सिगारेट पेटवतो आणि तिच्याच चालीत उत्तर देतो.